पुढची सीट

फिंतास, कुवेत
२४ नोव्हेंबर २०२४

रामभाऊकाका,

फोनवर मी घसा फोडून ओरडतो, खोलीतले तिघे उठून बसतात आणि तुम्हाला मात्र एक अक्षर पोचत नाही. त्यापेक्षा कागद बरा. आमचा ओवैस बुधवारी रत्नागिरीला निघालाय. त्याच्या बॅगेत हे पत्र, दोन किलो खजूर आणि तुमच्या गुडघ्यांचं मलम आहे.

इथे थंडी पडली. शुवैखच्या गॅरेजात उन्हाळाभर बॉनेटखाली डोकं घालून आमच्यासारख्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं भजं होतं, त्याची वसुली आम्ही थंडीतल्या शुक्रवारी करतो. मागच्या महिन्यात बोटीने कुब्बर बेटावर गेलो होतो. या शुक्रवारी मुतलाची चढण ओलांडून पलीकडच्या वाळवंटात. मी, ओवैस आणि खेडचा इम्तियाज. तुम्ही म्हणायचात, कुवेतात बघण्यासारखं आहे काय? काका, हमरस्ता सोडून विजेच्या खांबांच्या रांगेने आत जायचं, मग खांबही सोडायचे. चहूकडे सपाट, नुसती खडी आणि खुरटी झुडपं, आणि आपल्या बोलण्याचा आवाज आपल्यालाच मोठा वाटतो. मला ते आवडतं. खोलीत चार माणसं असली की असं काही तरी लागतं.

जेवण तिथेच करायचं होतं. कोळंबी, तांदूळ, नारळ सगळं नेलेलं, फक्त चुलीला दगड नव्हते. त्या मुलखात दगड मिळणं म्हणजे देव मिळणं. बरंच फिरल्यावर एक ढीग दिसला. त्यातले एका टोकाचे तीन दगड उचलले, तर खाली स्टीलचा पेला, उपडा घातलेला. पुसून बघतो तर त्यावर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं, आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर घालतात तसं. वाचलं, पुन्हा पुसून वाचलं.

"चि. शंकर, चि. सौ. कां. कमल. पालखडी. ८-५-८८. रामभाऊकडून सप्रेम भेट."

काका, तुमचं नाव! कुवेतच्या वाळवंटात! म्हणजे आपल्या शेजारच्या कमलकाकीचे यजमान, नव्वदच्या युद्धात कुवेतहून पळताना जॉर्डनच्या छावणीत गर्दीत तुमच्यापासून हरवला तो शंकरकाका. काकीच्या फडताळात याच घडणीचे पाच पेले आहेत. लहानपणी मी त्यातून ताक प्यायलोय. सहावा कुठे विचारलं की ती म्हणायची, "तो कामावर गेलाय."

पेला खोलीवर आणलाय. तीनांतला एक दगडही आणला, गाडी उतारावर लावली की चाकाखाली घालायला बरा. हो, आणि येताना गाडीने नवीन नाटक सुरू केलं. पुढच्या सीटवर कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही की गाडी टींग टींग वाजते ना, ती आता सीट रिकामी असली तरी वाजते. आम्ही पेला पुढच्या सीटच्या कप्प्यात ठेवला होता, इम्तियाज म्हणतो त्याचंच वजन झालं असेल. तो गोदामात हिशेब लिहितो, त्याला गाडीतलं काय कळणार.

काकीला फोटो पाठवायचा होता, शेजारच्या रुपालीच्या फोनवर. पण म्हटलं आधी तुम्हाला विचारावं. पेला तिथे कसा आला असेल हो?

शैलेश

*

पालखडी
१० डिसेंबर २०२४

चि. शैलेश,

खजूर चांगला आहे. मलमाने आग होते.

पेला जिथे मिळाला तिथे नेऊन ठेव. उपडा होता तर उपडाच ठेव. दगड पण ने. फोटो कोणाला पाठवू नकोस, कमलला तर नाहीच. तिचं वय आता फोटो बघण्याचं राहिलेलं नाही. युद्ध झालं तेव्हा लोक नेसत्या वस्त्रानिशी पळाले, हातातलं वाटेत टाकलं. टाकलेल्या भांड्याचा अर्थ लावायला जाऊ नये. परक्याच्या रानात शिरलास तर खाली पडलेलं उचलू नये, एवढं तुला लहानपणी सांगितलं होतं. विसरलास.

फक्त दोन गोष्टी कळव. त्या जागेवरून हमरस्ता दिसतो का. आणि दगड नुसते पडलेले होते की कोणी रचले होते. विसरू नकोस.

कमलचं भात झोडून दिलं. यंदा पेंढा बरा आहे. तिची कंबर दुखते. माझं बरं चाललंय.

रामभाऊ

*

फिंतास
२८ डिसेंबर २०२४

काका,

ठेवायला गेलो होतो. ठेवता आला नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. रस्ता दिसत नाही, पण ऐकू येतो. तुम्ही तिथे उभं राहिलात (तुमचं ऐकणं शाबूत असतं तर) तर प्रत्येक ट्रक येताना आणि जाताना वेगळा कळेल. दुसऱ्याचं उत्तर. दगड रचलेले आहेत. माणसाच्या लांबीएवढे, डोक्याकडे मोठे, पायाकडे लहान. त्या दिवशी भुकेच्या तंद्रीत मी ते बघितलंच नाही. ज्याला आम्ही ढीग म्हटलं तो ढीग नव्हता.

आणि आता जे लिहितोय ते हसण्यावारी नेऊ नका. मी काढलेल्या तीन दगडांच्या जागी तीन नवे दगड बसवलेले होते. नीट, फट न ठेवता. डोक्याकडची माती ओली होती. पाऊस दहा दिवस नाही आणि तेवढीच जागा ओली. इम्तियाज बघताच चार पावलं मागे सरला आणि काहीतरी पुटपुटत गाडीत जाऊन बसला. मागच्या सीटवर. तो आता माझ्या गाडीत पुढे बसत नाही.

गाडीचं विचाराल तर पेला मी कपाटात ठेवलाय, तरी वाजते. सीटखालचा सेन्सर बदलला, वाजते. शेवटी त्याची पिनच काढून टाकली. काका, हे माझं रोजचं काम आहे, दुसऱ्यांच्या गाड्यांचा हा आवाज मी डोळे मिटून बंद करतो. पिन काढल्यावर गाडीला तिथे सीट आहे हेही कळायला नको. काल फिंतासहून शुवैखपर्यंत अख्खा रस्ता वाजत होती. सिग्नलला शेजारच्या गाडीतली बाई माझ्या रिकाम्या सीटकडे बघत होती. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. भर सकाळी, ट्रॅफिकमध्ये, मला भीती वाटली.

आता मी विचारतो. जॉर्डनला हरवलेल्या माणसाचा पेला मुतलाच्या पलीकडे कसा? जॉर्डन इथून हजार मैल. तुम्ही म्हणालात, भांडी टाकली. टाकलेल्या भांड्यावर कोणी दगड रचत नाही.

तुम्ही लिहीत नाही तोवर पेला माझ्यापाशीच राहील.

शैलेश

*

पालखडी
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

शैलेश,

तिळगूळ घे आणि बस. उभ्याने वाचण्यासारखं नाही.

जॉर्डनपर्यंत शंकर आलाच नाही. तंबू, गर्दी, हात सुटला, सगळं मी विमानात बसून जुळवलं. मुंबईला उतरेपर्यंत ते मलाच खरं वाटायला लागलं होतं.

मी त्याला कुवेतला नेला. लग्नाला वर्ष झालेलं, कमल एकवीस वर्षांची. सुतारकामाला माणूस हवा होता, मी शब्द टाकला. युद्ध झालं तेव्हा आम्ही कंपनीची जुनी पिकअप घेऊन निघालो. नाक्यावर सैनिक गाड्या काढून घेतात असं ऐकलं, म्हणून मुतलानंतर रस्ता सोडून वाळवंटातून जायचं ठरवलं. ठरवलं मीच. इंजिन जाम झालं. शंकरच्या पायाला आठवड्यापूर्वी पटाशी लागलेली, पाय सुजून खांबासारखा झालेला. एक रात्र गाडीच्या आडोशाला काढली. सत्तावीस ऑगस्ट, सोमवार, सकाळी मी म्हटलं, तू इथेच बस, मी रस्त्यावरून गाडी घेऊन येतो. अर्धी बाटली पाणी त्याच्याजवळ ठेवलं आणि तो पेला. बाटलीतून पिऊ नको, पेल्यात ओतून घोट घोट पी, म्हणजे पुरेल, असं सांगितलं. तो म्हणाला, "रामभाऊ, लवकर ये हां."

मी खूप चाललो. रस्ता लागला तेव्हा सूर्य डोक्यावर होता. बऱ्याच गाड्या थांबल्या नाहीत. मग एक बस थांबली, आपलीच माणसं, बायकापोरं, बसऱ्याला निघालेली. पुढच्या दारापाशी एक सीट रिकामी होती. ड्रायव्हर म्हणाला, चढायचं तर चढ, आत वाळूत बस जाणार नाही आणि थांबणारही नाही. मी म्हटलं, माझा माणूस आहे. तो म्हणाला, चढ नाहीतर पायरीवरून उतर.

मी चढलो.

पुढच्या गावात कोणाला तरी सांगू, असं म्हणत चढलो. एका सैनिकाला सांगितलंही. त्याने हात हलवला. मग बगदाद, मग जॉर्डन, मग विमान.

एस्टीत मी बसत नाही म्हणून तुम्ही पोरं हसायचात. म्हातारा हट्टी आहे, राजापूरपर्यंत उभा जातो. चौतीस वर्षं मी गाडीत सीटवर बसलेलो नाही. कोणाच्या स्कूटरवरही मागे बसायला नको वाटतं. बसलो तर शेजारी जागा आहे का तेच बघत राहीन.

त्याच्यावर दगड कोणी रचले ते मला ठाऊक नाही. मी नाही रचले. हे लिहिताना मला लाज वाटते आणि थोडं बरंही वाटतं, की निदान कोणीतरी रचले.

कमलला खरं सांगायचं धाडस झालं नाही. आधी वाटलं, तो वाचला असेल, येईल. मग वाटलं, आता सांगितलं तर तिची इतकी वर्षं मी खाल्ली असं होईल. ती अजून वटपौर्णिमा करते. तिच्या दारावरून जाताना हिरव्या बांगड्या वाजतात, आता मला ऐकू येत नाहीत, तरी कळतं.

तू काय ते ठरव. माझं चुकलं, एवढं लिहून सही करतो.

रामभाऊ

*

पालखडी
२७ जानेवारी २०२५

शैलेश बाळा,

मी कमलकाकी. तुझा काका परवा सकाळी अंगणात आला. पायातल्या वहाणा काढल्या नाहीत, ओटीवर चढला नाही. मी म्हटलं, कोणाचं मर्तिक सांगायला आला काय. तसंच निघालं.

तू त्याला गावी येणाऱ्या माणसाबरोबर लिहून पाठवलंस की कमलकाकीला तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो. ते पत्रही त्याने माझ्या हातात दिलं. बरं केलंस.

बोलून त्याला ऐकू कुठे येतं. चहा केला आणि सवयीने त्याच पेल्यात दिला, पाचांतल्या एकात. त्याने पेला उचललाच नाही. चहावर साय धरेपर्यंत तसाच बसला आणि गेला. मग मला राग आला. रात्रभर आला. चौतीस वडांना दोरे गुंडाळले मी, सात जन्म हाच नवरा दे म्हणून. लोकांनी विचारायचं सोडलं तरी मी दोघांचा भात टाकत होते कितीतरी वर्षं. माझ्या भावांनी दुसरं लग्न लावायचं म्हटलं, तर हाच रामभाऊ म्हणाला होता, थांबा, येईल तो. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते रे.

पण हाच माणूस चौतीस वर्षं माझं भात झोडतो, माझं छप्पर शाकारतो, तापात औषध आणून देतो. आता कळलं का ते. कळलं तरी औषध ते औषधच होतं.

मी ठरवलंय. त्याने तिथे जायला हवं. तू त्याला बोलावून घे, कसा ते तू बघ. आपल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून देते. पेला मला नको. त्याला लागेल, तिथेच ठेवा. येताना त्यातला एक दगड आणा, क्रियाकर्माला.

आणि तू सोबत असशील तेव्हा डोळे उघडे ठेव. रामभाऊ जे सांगणार नाही ते तू मला लिही. मला एकच कळायला हवं. शेवटी त्याच्याजवळ कोणी होतं का?

तुझी काकी

*

फिंतास
१६ फेब्रुवारी २०२५

कमलकाकी,

हे पत्र काकांच्या हाती देत नाही. ओवैस रमझानला घरी जातोय, त्याच्याकडे देतो. का ते वाचल्यावर कळेल.

काका मंगळवारी उतरले. आमच्या मालकाने ओळखीने व्हिसा काढून दिला. कागदावर काका आमच्या गॅरेजात कामाची पाहणी करायला आलेले तज्ज्ञ आहेत. विमानात बसले का विचारलं तर म्हणाले, "पट्टा बांधून बसवलं, काय करणार." विमानतळावर मी पुढचं दार उघडलं तर मागे जाऊन बसले. गाडी वाजत होती. त्यांना अर्थातच ऐकू येत नव्हतं. आरशात बघून विचारलं, "वाजतंय का?" मी मान हलवली. मग फिंतासपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांच्या वेळचं काहीच उरलेलं नाही म्हणाले, फक्त समुद्र तोच.

शुक्रवारी आम्ही दोघेच निघालो. हमरस्ता सोडला तिथे मी किलोमीटरचा काटा शून्यावर आणला. का आणला कोण जाणे, सवय. त्या जागी पोचलो तेव्हा काट्यावर तीन पूर्णांक चार होतं. काका मागून वाकून काट्याकडे बघत होते. "सकाळी निघालो तो ऊन डोक्यावर आलं होतं," म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "तीन?" काकी, मला त्यांच्यावर चिडायचं होतं, पण ते तोंड बघून चिडता आलं नाही.

दगडांपाशी ते मांडी घालून बसले. पेला या वेळी सुलटा ठेवला, तुझ्या विहिरीचं पाणी ओतलं. मी लांब उभा होतो. तेवढ्यात एक पिकअप आली, पाठीमागे पाण्याची टाकी, चार मेंढ्या. उतरला तो म्हातारा बदू, म्हणजे वाळवंटातला मेंढपाळ, काकांच्याच वयाचा. मला वाटलं हाकलणार. पण त्याने बघितलं, पेल्यात पाणी आहे, आणि तो थांबला. नव्या तीन दगडांकडे बोट करून मला म्हणाला, "तुम निकाला?" मी मान खाली घातली. जुन्या लोकांना इथे हिंदी येतं, आणि माझी गॅरेजातली अरबी, असं मिळून आमचं बोलणं झालं.

काकी, तू विचारलंस तेच सांगतो. होतं. त्याच्याजवळ कोणी होतं.

हा माणूसच होता. सैनिकांपासून मेंढ्या लपवायला तो तिकडे हिंडत होता. मोडक्या गाडीच्या सावलीत त्याला शंकरकाका दिसला, सोमवारी दुपारी. जिवंत. त्याने पाणी दिलं, खजूर दिला आणि म्हणाला, चल माझ्याबरोबर, माझ्याकडे गाडी आहे. शंकरकाका आला नाही. म्हणाला, दोस्त आएगा, गाडी लाएगा. मी इथून हललो तर त्याला सापडणार कसा? म्हातारा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. पाय काळा पडला होता, अंगात ताप. तो म्हणतो, मी त्याला उचलायला गेलो तर त्याने गाडीच्या दांडीला धरून ठेवलं. रस्त्यावर ट्रक वाजला की मान वळवून बघायचा. तिसऱ्या दिवशी, एकोणतीस तारखेला संध्याकाळी, म्हाताऱ्याने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, याच पेल्याने पाणी पाजलं, आणि तो गेला. म्हाताऱ्याने आपल्या पद्धतीने पुरलं, दगड लावले, पेला उशाशी उपडा घातला. तेव्हापासून येता-जाता तो तिथे पाणी ओततो. म्हणाला, त्याला तहान लागली होती, आणि कोणीतरी येईपर्यंत कोणीतरी ओतायला हवं.

मग त्याने काकांकडे बोट केलं. "ये वो दोस्त?"

मी हो म्हटलं. काय म्हणणार.

म्हातारा काकांपाशी गेला, त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "वो बोला था, आएगा. आ गया. अच्छा." त्याच्या तोंडावर खरंच आनंद होता, काकी. काकांना काही ऐकू आलं नाही. ते हसले आणि हात जोडले. मला विचारलं, "काय म्हणतो?" मी कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "पाणी पाहिजे का विचारतोय." काका पेल्याकडे बोट करून त्याला म्हणाले, "आणलंय. आमच्या विहिरीचं आहे."

ते मी कसं बघितलं ते माझं मला ठाऊक.

निघताना एक दगड घेतला. मी चाकाखाली लावायला नेला होता आणि आता परत आणून ठेवला होता तोच, पोरगा गाढव होता म्हणून सांग शंकरकाकाला. गाडीपाशी आल्यावर काकांनी पुढचं दार उघडलं. मला वाटलं, आज बसणार. पण ते दार धरून बाजूला उभे राहिले, म्हाताऱ्या माणसासाठी धरतो तसं. म्हणाले, "शंकऱ्या, चल रे. गाडी आणलीय." थोडा वेळ थांबले. दार लावलं आणि मागे जाऊन बसले.

गाडी सुरू केली, वाजायला लागली. मी वाकलो, रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि लावला. आवाज थांबला. काका आरशात माझ्याकडे बघत होते. "थांबलं?" मी मान हलवली.

काल पट्टा काढून बघितला. वाजत नाही. सेन्सरची पिन अजून काढलेलीच आहे. इम्तियाज पुढे बसून शुवैखपर्यंत आला.

काका गुरुवारी निघतील, दगड त्यांच्या बॅगेत. म्हाताऱ्याने सांगितलेलं मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगायचं का नाही, ते तू ठरव. माझ्याच्याने होणार नाही.

शैलेश

*

पालखडी
१४ मार्च २०२५

शैलेश बाळा,

तुझं पत्र ओवैसने स्वतः आणून दिलं. चहा घेऊन गेला. भला मुलगा आहे.

रामभाऊ त्याच्या आधी आला होता. दगड त्याने माझ्या ओंजळीत दिला. मला वाटलं होतं जड असेल. तुळशीपाशी ठेवला, दहा दिवस पाणी घातलं, दहाव्या दिवशी भटजींनी विधी सांगितला तो रामभाऊनेच केला, मीच सांगितलं त्याला करायला. मंगळसूत्र उतरवलं, बांगड्या मी माझ्या हाताने काढल्या, फोडू दिल्या नाहीत. काढताना रडू आलं, पण ते चौतीस वर्षांपूर्वीचं होतं. गळा आता मोकळा वाटतो, आणि हात हलके लागतात, पाणी ओढताना चुकल्यासारखं होतं.

तुझं पत्र मी रात्री नाही, दुपारी उन्हात बसून वाचलं. तीनदा. हट्टी होताच तो. लग्नात बोहल्यावर उभा राहिला तेव्हा अंतरपाट धरायला रामभाऊ हवा म्हणून अडून बसला होता, आणि रामभाऊ आला तेव्हाच मुहूर्त धरला. त्याला वाट बघायला कधी कंटाळा नव्हता. त्याचं डोकं मांडीवर घेणाऱ्या त्या म्हाताऱ्याला माझ्याकडून काय देता येईल ते मला सुचत नाही. तू पुढच्या वेळी जाशील तेव्हा एक नारळ ने. त्याला काय करायचं ते कळणार नाही, तरी ने.

मागच्या आठवड्यात रामभाऊ आला आणि या वेळी ओटीवर चढून बसला. मला म्हणाला, शैलेश म्हणतो तो म्हातारा पाण्याचं विचारत होता. पण पोराचं तोंड पाण्याचं नव्हतं. तुला काय लिहिलंय त्याने? तो माझी वाट बघत होता का?

मी जरा आत जाऊन आले. बोललेलं त्याला ऐकू येत नाही, म्हणून कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि पाठीमागे पेन्सिलीने मोठ्या अक्षरात लिहिलं. "त्याच दुपारी गेला. सत्तावीस तारीख, सोमवार. म्हाताऱ्याला मेलेलाच सापडला. वाट बघायला वेळच मिळाला नाही." त्याने वाचलं, बोटाने एकेक शब्द धरत. मग कागदाची चौघडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला, आणि चहाचा पेला उचलून प्यायला. सगळा प्यायला. काल एस्टीने राजापूरला गेला तर रुपाली सांगत होती, बसून गेला.

तो कागद तो रोज काढून वाचतो. म्हणून तुझं पत्र मी चुलीत घातलं.

त्याने मला चौतीस वर्षं खोटं सांगितलं. मी त्याला आता जेवढी उरलीत तेवढी सांगेन. तू मे महिन्यात येशील तेव्हा तो तुलाही विचारेल, गोल गोल विचारेल. तारखेत चुकू नकोस. सगळ्या गावाला सत्तावीसच ठाऊक आहे, श्राद्धही त्याच दिवशी होईल. एकोणतीस तेवढी तुझ्या-माझ्यात. त्या संध्याकाळी मी पाचांतला एक पेला भरून उंबऱ्याशी ठेवीन, तू तिथला भर.

तुझी काकी
कमल